जुन्या नाण्यांचा प्रामाणिक डीलर कसा ओळखायचा आणि त्याचं पक्कं गिऱ्हाईक कसं व्हायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता 'विश्वासावर चालणारा धंदा'. त्यात मी जुन्या नाण्यांच्या डीलरचं उदाहरण घेतलं होतं. बारा मिनिटांच्या व्हिडिओत ते पुरतं मावलं नाही. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, आमच्या घरी पण आजोबांची नाणी आहेत, कुणाला दाखवायची?" म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. ज्यांना नाणी जमवायची किंवा विकायची आहेत, त्यांच्यासाठी. आणि ज्यांचं स्वतःचं दुकान आहे, मग ते कशाचंही असो, त्यांच्यासाठीही. दुसऱ्या मंडळींनी "आपला काय संबंध" म्हणून पुढे जाऊ नका. शेवटचा भाग खास तुमच्यासाठी आहे.

नाण्यांचाच धंदा का निवडला?

बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी असते. मी माझ्या दुकानात वही विकतो, तिच्यावरही किंमत छापलेली असते. गिऱ्हाईक फसायला जागाच कमी. पण १९०७ सालच्या चांदीच्या रुपयावर एमआरपी कुठे असते? त्याची किंमत डीलरला माहीत असते, आपल्याला नसते. एकाला सगळं माहीत आणि दुसऱ्याला काहीच नाही, असा व्यवहार जिथे होतो तिथे दुकानदाराचा खरा स्वभाव दिसतो. त्याने आपल्याला फसवलं तर ते आपल्याला कदाचित दहा वर्षं कळणारही नाही. तरीही जो फसवत नाही, त्याच्याकडून धंदा शिकायचा.

आधी थोडा अभ्यास: नाण्याला किंमत कशामुळे येते?

रिकाम्या डोक्याने डीलरकडे गेलात तर प्रामाणिक कोण आणि गोड बोलणारा कोण, हे ओळखताच येणार नाही. बोलणाऱ्याची बोरं विकतात, हे आपल्या धंद्यातलं जुनं सत्य आहे. म्हणून आधी तीन गोष्टी पाठ करा.

पहिली गोष्ट, धातू. नाण्यात चांदी किंवा सोनं किती आहे, ही त्याची तळाची किंमत. चांदीचं नाणं त्याच्या चांदीपेक्षा कमीला जायला नको.

दुसरी गोष्ट, दुर्मिळता. नाणं जुनं आहे म्हणून ते महाग असं अजिबात नाही. तांब्याच्या शिवराया दीड-दोनशे वर्षं जुन्या असल्या तरी त्या भरपूर पाडल्या गेल्या, भरपूर शिल्लक आहेत. साध्या, झिजलेल्या शिवराईला मोठी किंमत येत नाही. उलट १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया त्यामानाने नवा, पण दुर्मिळ. म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर आहेत.

तिसरी गोष्ट, अवस्था. म्हणजे नाणं किती झिजलंय, घासलंय, ओरखडलंय. डीलर लोक व्हीएफ, एक्सएफ, यूएनसी अशी अक्षरं वापरतात. यूएनसी म्हणजे चलनात न फिरलेलं, टाकसाळीतून आलं तसं. एकाच सालचं, एकाच टाकसाळीचं नाणं अवस्थेप्रमाणे कित्येक पटींनी कमी-जास्त किमतीला जातं.

इथे एक कळकळीची विनंती. घरातली जुनी नाणी चिंच-मीठ लावून, राखेने किंवा पावडरीने घासू नका! दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी काढली की आपल्याकडे पहिला कार्यक्रम घासण्याचा असतो. नाणं चकचकीत होतं खरं, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच उतरते. शंभर वर्षांत बसलेला रंग एकदा गेला की परत येत नाही. पूजेसाठी दोन नाणी वेगळी ठेवा, बाकीची आहेत तशी राहू द्या.

घराघरात असलेला रुपया: हा हिशोब वहीत उतरवून घ्या

महाराष्ट्रात घरोघरी सापडतो तो ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया. राणीछाप, राजाछाप म्हणतो आपण. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम. म्हणजे एक तोळा. आपल्या तोळ्याचं माप या रुपयाशीच जोडलेलं होतं.

आता सालाप्रमाणे भाग करा.

• १८६२ पासून १९३९ पर्यंतचे रुपये (व्हिक्टोरिया, मुकुट नसलेला सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जचे सुरुवातीचे): चांदी ९१.७ टक्के. म्हणजे एका रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी.

• १९४० ते १९४५ चे रुपये: महायुद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आणली. ५० टक्के. म्हणजे साधारण ५.८३ ग्रॅम शुद्ध चांदी.

• १९४७ चा रुपया, ज्याच्या मागे वाघ आहे: निकेलचा. चांदी शून्य.

• १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं: १५ ग्रॅम वजन, ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. हेही अनेक घरांत कपाटात पडलेलं असतं.

हिशोब सोपा व्हावा म्हणून चांदी १०० रुपये ग्रॅम धरू. तुम्ही तिथे आजचा भाव टाका. एडवर्डच्या रुपयाची तळाची किंमत झाली १,०६९ रुपये आणि १९४४ च्या रुपयाची ५८३ रुपये. दोन्ही दिसायला सारखे, वजनालाही सारखे, पण किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक! झिजलेल्या नाण्याचं वजन थोडं कमी भरतं, तेवढा फरक धरायचा.

हे एवढं जरी माहीत असलं तरी निम्मी फसवणूक टळते. का, ते पुढे सांगतो.

मोबाईलवरचे लाखो रुपये

"वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर दहा लाख मिळवा." असे व्हिडिओ तुम्हालाही आले असतील. हे नाणं २०१२ साली निघालं आणि ते चांगलंच चलनात फिरलंय. त्याचे लाख रुपये कुणीही देत नाही.

यांची पद्धत ठरलेली. आधी नाण्याचा फोटो मागवायचा. मग "तुमचं नाणं सिलेक्ट झालं" म्हणायचं. मग रजिस्ट्रेशन फी, जीएसटी, कुरिअर, आरबीआयचं क्लिअरन्स अशा नावांनी पैसे मागत राहायचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलंय की बँक अशा जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कुठलंही कमिशन किंवा शुल्क मागत नाही. आपल्या नावाने व्यवहार करायला बँकेने कुणाला अधिकारही दिलेला नाही.

नियम एकच लक्षात ठेवा. विकणारे आपण असू तर पैसे आपल्याकडे आले पाहिजेत. विकायच्या आधी आपल्याकडूनच पैसे मागणारा माणूस डीलर नाही, चोर आहे.

डीलर शोधायचा कुठे?

१. सराफ कट्टा. प्रत्येक शहरातल्या सराफ बाजारात एक-दोन जण तरी जुन्या नाण्यांत रस असलेले असतात. ओळखीच्या सराफाला थेट विचारा, "नाणी विकत घेणारं, संग्राहकांना देणारं कोण आहे?" सराफ स्वतः बहुतेक वेळा फक्त चांदीच्या भावाने घेणार. ते त्याच्या जागी बरोबर आहे, कारण त्याचा धंदा धातूचा आहे.

२. नाण्यांची प्रदर्शनं. मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांत नाणी आणि नोटांची प्रदर्शनं भरतात. एका हॉलमध्ये कितीतरी डीलर बसलेले असतात. पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. एकाच प्रकारच्या नाण्याचा भाव पाच टेबलांवर विचारा आणि लिहून घ्या. बाजारभाव म्हणजे काय, हे त्या दोन तासांत कळतं.

३. संग्राहक. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या शहरात वीस वर्षं नाणी जमवणारे एखादे निवृत्त शिक्षक किंवा बँकेतले काका असतातच. त्यांना विचारा, "तुम्ही कुणाकडून घेता?" आणि त्याच दमात पुढचा प्रश्न, "त्याच्याकडून कधी खोटं नाणं आलं का? आल्यावर त्याने काय केलं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका.

४. जुना बाजार. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार. फिरायला मजा येते, डोळा तयार होतो. पण शिकण्याच्या काळात तिथे महाग नाणं घेऊ नका. आज बसलेला विक्रेता पुढच्या आठवड्यात त्याच जागी सापडेल याची खात्री नसते, आणि आपल्याला तर कायमचा माणूस हवाय.

डोळा तयार करायचा आणखी एक मार्ग म्हणजे संग्रहालयं. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाणकशास्त्राची संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. खरं नाणं शंभर वेळा पाहिलं की खोटं चटकन खटकतं.

डीलरच्या सात परीक्षा

दुकान मोठं आहे, एसी आहे, भिंतीवर फोटो आहेत, यावर जाऊ नका. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. या सात गोष्टी तपासा.

एक: तो बिल देतो का? नाण्याचं वर्णन, साल, किंमत, दुकानाचा पत्ता असलेलं पक्कं बिल. "बिल कशाला, आपलाच माणूस आहे" म्हणणारा उद्या आपला राहत नाही.

दोन: नाणं खोटं निघालं तर परत घेतो का? आणि ते बिलावर लिहून देतो का? चांगला डीलर म्हणतो, "कुठेही दाखवा, खोटं निघालं तर पूर्ण पैसे परत." खऱ्या-खोट्याच्या बाबतीत 'घेतलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी चालत नाही.

तीन: घेण्याचा आणि विकण्याचा भाव दोन्ही सांगतो का? त्याच्याकडचं एक नाणं हातात घ्या आणि सरळ विचारा, "शेठ, हेच नाणं मी उद्या तुम्हाला विकायला आणलं तर काय द्याल?" तो मध्ये मार्जिन ठेवणारच. भाडं, लाईटबिल, अडकलेलं भांडवल त्यालाही आहे. पण जो न चिडता आकडा सांगतो, त्याच्याशी व्यवहार होऊ शकतो. दोन हजारांना दिलेल्या नाण्याचे उद्या पाचशे देईन म्हणत असेल तर समजून जा.

चार: मालाचा दोष स्वतःहून सांगतो का? "हे घासलेलं आहे." "याला कधीतरी कडी लावली होती, इथे डाग लावून बुजवलंय." जुन्या रुपयांच्या माळा करायची आपल्याकडे पद्धत होती, त्यामुळे कडी काढलेली नाणी बाजारात खूप येतात. आपल्याला दिसलं नसतं असा दोष जो दाखवतो, त्याचं नाव वहीत लिहून ठेवा.

पाच: तपासू देतो का? भिंग, छोटा वजनकाटा आणि व्हर्नियर कॅलिपर सोबत न्या. चांदीच्या रुपयाचा व्यास साधारण साडेतीस मिलीमीटर. वजन दहा-साडेदहा ग्रॅम भरलं तर संशय घ्या. ओतीव नकलेच्या कडेला कधीकधी जोडाची रेघ दिसते, पृष्ठभागावर बारीक भोकं दिसतात. चुंबकाला चिकटलं तर चांदी नाही हे नक्की. पण चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असं मात्र नाही, कारण पितळही चिकटत नाही. तुम्ही काटा काढल्यावर डीलरचा चेहरा कसा होतो, तेही बघा. प्रामाणिक माणूस स्वतःचा काटा पुढे सरकवतो.

सहा: गोष्टी विकतो की नाणी विकतो? "हा रायगडावर सापडलेला शिवकालीन होन" असं म्हणून कोणी पाच-दहा हजारांत देत असेल तर हात जोडून बाहेर या. खरा शिवराई होन अत्यंत दुर्मिळ आहे. आठवण म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिकृती मात्र गावोगाव मिळतात. तसंच १८१८ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि मागे राम-सीता किंवा हनुमान, असं नाणं कंपनी सरकारने चलनात आणलेलं नाही. ते नंतर बनवलेले टोकन आहेत. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

उलट खरी गोष्ट सांगणारा डीलर भेटला तर ऐकत बसा. उदाहरणार्थ १९११ सालच्या पाचव्या जॉर्जच्या रुपयाची. राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावरून ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला. अशी माहिती जो नाणं न विकताही सांगतो, त्याचं नाण्यांवर प्रेम आहे.

सात: "हे कुठून आलं?" असं विचारतो का? तुम्ही विकायला गेलात आणि त्याने हा प्रश्न विचारला तर रागावू नका. शेतात, पाया खणताना जमिनीत सापडलेल्या धनासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आजही आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात येतात, ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हे ज्याला माहीत आहे आणि जो पाळतो, तो उद्या तुम्हालाही अडचणीत आणणार नाही.

सातपैकी सात कुणालाच मिळत नाहीत. पण पहिल्या चारांत जो नापास, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

एका ताईंचा व्यवहार

आपल्या एका प्रेक्षक ताईंनी मला मेसेज केला होता. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न देता सांगतो. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. सासऱ्यांनी जपलेला एक पत्र्याचा डबा होता, त्यात ६२ चांदीचे रुपये. मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी तोंडावर आलेली, महिन्याभरात भरायची. बाजारातल्या एकाने सगळे रुपये एकत्र काट्यावर टाकले, "जुनी चांदी आहे, निम्मी धरतो, वर घट जाईल" म्हणाला आणि एकच आकडा सांगितला.

मी ताईंना एकच काम सांगितलं. घरी बसा आणि साल बघून दोन ढीग करा. १९३९ पर्यंतचे एका बाजूला, १९४० नंतरचे दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगात ४० निघाले, दुसऱ्यात २२.

आता आपल्याच १०० रुपये ग्रॅमच्या भावाने हिशोब मांडू. त्या दिवशीचा भाव वेगळा होता, पण प्रमाण तेच.

४० रुपये × १०.६९ ग्रॅम = ४२७.६ ग्रॅम
२२ रुपये × ५.८३ ग्रॅम = १२८.२६ ग्रॅम
एकूण साधारण ५५६ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे जवळपास ५५,६०० रुपये.

आणि त्या माणसाचा आकडा याच भावाने बसत होता ३२,००० रुपये! सगळ्याच नाण्यांची चांदी निम्मी धरली, वर घट कापली. खोटं असं काही तो बोलला नाही. १९४० नंतरच्या रुपयांत चांदी निम्मीच असते. फक्त हा नियम त्याने चाळीस चांगल्या नाण्यांनाही लावला.

नंतर ताई एका संग्राहक काकांच्या ओळखीने दुसऱ्या डीलरकडे गेल्या. त्याने ढिगांचे तीन ढीग केले. तिसऱ्यात नऊ नाणी बाजूला काढली आणि म्हणाला, "ताई, ही नऊ चांगल्या अवस्थेत आहेत. ही चांदीच्या भावाने देऊ नका. मला दिली तरी मी जास्त देईन, पण घाई नसेल तर आणखी दोघांना दाखवा." बाकीच्या ५३ नाण्यांचा धातूचा हिशोब त्याने कागदावर मांडला, त्यातून ४ टक्के आपलं मार्जिन असं लिहून कापलं आणि आपल्या भावाने साधारण ४४,००० रुपये दिले.

म्हणजे ६२ नाण्यांचे ३२,००० मिळणार होते, तिथे ५३ नाण्यांचे ४४,००० मिळाले आणि सगळ्यात चांगली नऊ घरात राहिली. फी वेळेवर भरली. ती नऊ नाणी आता मुलीच्या नावाने ठेवलीत. मुलगी सुट्टीत भिंग घेऊन त्यांची सालं वाचते, असं ताईंनी नंतर कळवलं.

डीलरने चार टक्के कमावले, लपवून नाही तर सांगून कमावले. ते त्याचे हक्काचे आहेत.

आता आपली बाजू: पक्कं गिऱ्हाईक कसं व्हायचं?

चांगला डीलर मिळाला म्हणून काम संपत नाही. त्याच्याकडे रोज दहा माणसं येतात. चांगलं नाणं आल्यावर त्याने फोन आपल्यालाच का करावा? त्याला आपण तसं कारण द्यावं लागतं.

काय हवंय ते लिहून द्या. "काहीतरी चांगलं दाखवा" असं म्हणू नका. "पाचव्या जॉर्जचे मुंबई टाकसाळीचे रुपये हवेत, महिन्याचं बजेट दीड हजार" असं सांगा. डीलरचं भांडवल अडकत नाही, तो तुमच्यासाठी माल उचलू शकतो.

शब्द पाळा. "ठेवा, शनिवारी घेतो" म्हटलं की शनिवारी जा. नको असेल तर शुक्रवारी फोन करून सांगा. शब्द देऊन गायब होणारं गिऱ्हाईक कुणालाच नको असतं, तुम्ही दुकानदार असाल तर तुम्हाला हे सांगायला नको.

रोख द्या, वेळेवर द्या. रोख म्हणजे उधारी नको. यूपीआय केलं तरी चालेल, बिल घ्या.

घासाघीस करा, पण जपून. दोन-पाच टक्के कमी करा म्हणणं ठीक. पण दर वेळी अर्ध्या किमतीपासून सुरुवात केली तर तो पुढच्या वेळी किंमतच वाढवून सांगेल. मग प्रामाणिक माणसाला आपणच खोटं बोलायला शिकवलं असं होतं.

त्याचा भाव घेऊन बाजारभर फिरू नका. त्याने वेळ देऊन, नाणं तपासून आकडा सांगितला आणि आपण तोच आकडा दाखवून दुसरीकडे शंभर रुपये वाढवून घेतले, हे बरोबर नाही. तीन जणांना विचारायचं असेल तर आधीच सांगा, "मी तिघांना दाखवणार आहे."

फुकट ज्ञानाची किंमत ठेवा. रात्री अकराला चाळीस नाण्यांचे फोटो पाठवून "किंमत सांगा" म्हणू नका. दुकानात जा, गर्दी नसेल ती वेळ निवडा, आणि शिकायला मिळालं की निदान नाणी ठेवायचे होल्डर तरी घेऊन या. होल्डर घेताना पीव्हीसीचे घेऊ नका, त्यातून नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. बरा डीलर तुम्हाला हे स्वतःच सांगेल.

नवीन माणूस जोडा. तुमच्यामुळे आलेलं एक चांगलं गिऱ्हाईक त्याच्या दृष्टीने कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठं.

आणि एक सावधगिरी. विश्वास म्हणजे डोळे मिटणं नव्हे. वर्षातून एक-दोनदा प्रदर्शनात जाऊन भाव पडताळा. सरकारी टाकसाळींची नवी स्मारक नाणी डीलरकडे घ्यायच्या आधी टाकसाळीची मूळ विक्री-किंमत बघा, कारण ती थेट टाकसाळीच्या वेबसाइटवरही विक्रीला येतात. मोठ्या रकमेचं नाणं असेल तर स्लॅबमधलं, म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेने तपासून सीलबंद केलेलं घ्या, आणि त्यावरचा नंबर त्या संस्थेच्या साइटवर टाकून बघा. स्लॅबच्याही नकला निघतात. तपासल्यावर खरा निघणारा डीलर तुमच्यावर नाराज होत नाही, उलट त्याला मान वाटतो.

दुकानदारांनो, आता आपलं बघू

बीबीएला असताना आम्हाला 'कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू' नावाचा धडा होता. पुस्तकात तो चार पानांचा होता, आपण चार ओळींत करू.

एक गिऱ्हाईक महिन्याला १,५०० रुपयांची खरेदी करतं. मार्जिन २० टक्के धरलं तर महिन्याला ३०० रुपये. वर्षाला ३,६००. दहा वर्षांत ३६,०००. आणि त्याने आणलेली दोन माणसं धरली तर एक लाखाच्या पुढे. त्याच गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी अडाणी समजून चार हजार जास्त काढले, तर मिळाले फक्त चार हजार. वर तो गावभर सांगणार ते वेगळंच.

ताईंच्या गोष्टीतल्या पहिल्या माणसाला तेवीस हजार जास्त मिळाले असते, पण एकदाच. दुसऱ्याला त्या दिवशी दोन हजारांच्या आसपासच सुटले असतील. पण मी हा प्रसंग कुठल्याही शिबिरात सांगितला की लोक विचारतात, "सर, तो दुकानदार कुठला?" पहिल्याचा पत्ता आजवर कुणी विचारलेला नाही.

मोबाईल दुरुस्ती, सोनं, जुनी गाडी, हार्डवेअर, आयुर्वेदिक औषधं, पंपाची मोटर, साडीचा पोत. या सगळ्यांत गिऱ्हाइकाला कमी कळतं आणि आपल्याला जास्त. म्हणून नाण्याच्या डीलरच्या चार सवयी आपल्या दुकानात आणायच्या:

१. मालाचा दोष गिऱ्हाइकाच्या आधी आपण सांगायचा.
२. हिशोब तोंडी नाही, कागदावर मांडून द्यायचा. मार्जिन लपवायचं नाही आणि त्याची लाजही वाटू द्यायची नाही.
३. "हे माझ्याकडे नाही, अमक्याकडे चांगलं मिळेल" हे वाक्य महिन्यातून एकदा तरी बोलायचं.
४. गिऱ्हाईक-वही ठेवायची. कुणाला काय हवं होतं, कधी आला, काय म्हणाला. माल आला की पहिला फोन त्याला.

या आठवड्याचा गृहपाठ

ज्यांच्या घरी नाणी आहेत त्यांनी: न घासता, सालाप्रमाणे ढीग करा. वजन लिहा. आजच्या भावाने तळाची किंमत काढा. ती वहीत उतरवल्याशिवाय एकही नाणं घराबाहेर नेऊ नका. घरात आजी-आजोबा असतील तर ती नाणी कशी आली तेही विचारून लिहून ठेवा. ही माहिती कुठलाच डीलर देऊ शकत नाही.

ज्यांचं दुकान आहे त्यांनी: वरच्या सात परीक्षा नाण्यांऐवजी तुमच्या मालाला लावून बघा. बिल, परतीचा शब्द, उघड भाव, स्वतःहून दोष सांगणं, तपासू देणं, गोष्टी न विकणं आणि माल कुठून आला याची माहिती. सातपैकी किती मार्क पडतात ते स्वतःशीच प्रामाणिकपणे लिहा. पाचच्या खाली असाल तर या महिन्यात फक्त एकच गोष्ट सुधारा. माझं म्हणणं, बिलापासून सुरुवात करा, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि गिऱ्हाइकाला लगेच दिसतं.

पुढच्या व्हिडिओत 'उधारी न दुखावता कशी वसूल करायची' हा विषय घेतोय. तोपर्यंत धंदा खणखणीत ठेवा. भेटू!